मागच्या पायऱ्यांखालचं बिऱ्हाड

एल्डर्स क्रीक, ऑन्टॅरिओ
२० मे १९८६

चि. लायल यास ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे, दर पत्रात विचारू नकोस. परसातलं रुबार्बचं आंबट झुडूप यंदा एवढं माजलंय की अख्ख्या चर्चला मुरंबा वाटला तरी उरेल.

खरी बातमी पुढेच आहे. मागच्या दाराच्या पायऱ्यांखाली स्कंकची मादी व्यालीय. फटीतून बॅटरी मारून पाहिलं. पाच पिल्लं, डोळे अजून मिटलेले. आई शेपूट उभारून पुढचे पाय आपटायला लागली, तशी तिचा तो घाणेरडा फवारा उडायच्या आत मी सभ्यपणे माघार घेतली. मी त्यांना हाकलणार नाही. पिल्लं आईमागून चालायला लागली, म्हणजे जूनअखेर, की भोकाला फक्त बाहेर उघडणारी झडप टांगायची. सगळी बाहेर पडली की जाळी ठोकायची. आधी घाई केली तर आई बाहेर आणि पिल्लं आत उपाशी. तोवर मी पुढच्या दाराने ये-जा करीन.

पिल्लांचं तुझ्याशिवाय कुणालाही बोललेले नाही. शेजारच्या प्रिडहॅमला कळलं तर तो काय करील नेम नाही. तुझ्या बायकोला, ग्रेसला आशीर्वाद.

तुझी,
व्हेल्माताई


विनिपेग
२९ मे १९८६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. त्र्याहत्तराव्या वर्षी स्कंकचं बाळंतपण काढायला बसलीस! लहानपणी तुझ्यावर आणि कुत्र्यावर एकदमच फवारा उडाला होता, तेव्हा बाबांनी तुम्हा दोघांना आठवडाभर कोठारात झोपवलं होतं. विसरलीस?

नगरपालिकेचा माणूस पिंजरा लावतो, एका सकाळीत काम होतं. ते कर. आणि ताई, घर विकायचं मनावर घे. आमच्याकडची तळमजल्याची खोली तुझ्यासाठी रंगवायला घेतलीय. ग्रेसही रोज विचारते.

बोललो त्याचा राग नसावा, माया कमी होऊ नये.

तुझा,
लायल


एल्डर्स क्रीक
९ जून १९८६

लायल, आशीर्वाद आहेत, पण आज हात आखडता आहे.

परवा नगरपालिकेची नोटीस आली. तक्रार आली आहे, सबब पायऱ्यांखालची मादी व पाच पिल्ले चौदा तारखेपर्यंत हलवावीत, अन्यथा आमचा माणूस पिंजरा लावील. मी प्रिडहॅमवर संशय घेऊन दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग ती ओळ पुन्हा वाचली. पाच पिल्लं आहेत हे मी जगात एकालाच कळवलं होतं. आणि नगरपालिकेचा सचिव हार्वी तुझ्याच वर्गातला. काय ते सरळ लिही.

पिंजऱ्यात सापडलेल्याचं पुढे काय करतात तेही ऐक. पिंजऱ्यासकट पाण्याच्या पिंपात बुडवतात. आई गेली की मागची पाच भुकेने मरतात. हे माझ्या दारात होणार नाही. नगरपालिकेच्या बारा तारखेच्या सभेला मी जाऊन उभी राहणार. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, त्या सभेतले निम्मे लोक माझ्या बसमध्ये ओकलेत. बघू कोण तोंड उघडतो.

ताई


विनिपेग
१६ जून १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

हार्वीला मीच लिहिलं.

मागे कटकट लागली की तू कंटाळून इकडे येशील, असं वाटलं. हिवाळ्यात तू त्याच पायऱ्यांवर घसरून पडलीस आणि मला ते दोन महिन्यांनी तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तेव्हापासून फोन वाजला की हातातलं टाकून धावतो. पिंपाचं मला खरंच माहीत नव्हतं. तक्रार मागे घेतो असं हार्वीला आजच कळवलंय, पण सभा होऊन गेली असेल. काय झालं ते लिही. शिव्या घाल, पण लिही.

लायल


एल्डर्स क्रीक
२८ जून १९८६

चि. लायल यास अ. उ. आ.

शिव्या शेवटी. आधी बातमी.

सभेच्याच दिवशी मी टपाल टाकायला गेले, आणि प्रिडहॅमने भर दुपारी भोकावर फळ्या ठोकल्या. मला मदत म्हणून! नोटिशीचं त्याला कळलं होतं, आणि दिवसा स्कंक बाहेर भटकत असतील अशी त्याची समजूत. अरे, दिवसा ती झोपतात. सगळं बिऱ्हाड आत कोंडलेलं. मी कटावणी घेतली आणि फळ्या उचकटल्या. तिसऱ्या फळीला आईने मला फवाऱ्याने पुरतं न्हाऊ घातलं. वास जावा म्हणून व्हिनेगर चोळून झालं, टोमॅटोच्या रसाच्या दोन बाटल्या झाल्या. फरक एवढाच पडला की मला टोमॅटोचाही वास यायला लागला.

तशीच सभेला गेले आणि पहिल्या रांगेत बसले. हार्वीने स्वतः उठून खिडक्या उघडल्या. मी म्हटलं, तीस तारखेपर्यंत मुदत द्या, नाहीतर सविस्तर चर्चा करू, मला कसलीही घाई नाही. चार मिनिटांत ठराव झाला, एकमताने.

प्रिडहॅमला फार लाज वाटली. झडप त्यानेच बनवून दिली. पंचवीसला टांगली आणि त्याच संध्याकाळी, चांगला उजेड असताना, आई बाहेर आली आणि मागून एका रांगेत पाच पिल्लं. शेवटचं भलतीकडेच रुबार्बमध्ये घुसलं, तर ती परत येऊन त्याला ढोसत घेऊन गेली. झडपेपाशी पीठ पसरून ठेवलं होतं. दोन दिवस आतून एकही पाऊल उमटलं नाही, तेव्हा जाळी ठोकली. मग पायरीवर बसून रडले. आनंदानेच, पण पोटभर.

आता तुझं. पडल्याचं लपवलं ती माझी चूक. पुन्हा पडले तर त्याच दिवशी तुला फोन करीन, हा शब्द. पण मला कंटाळा आणून घराबाहेर काढायचं तुझ्या मनात आलं, हे मला फार लागलंय, आणि ते लवकर जाणार नाही. पायऱ्यांना कठडा लावून घेते आहे. मी इथेच राहणार. ऑगस्टात तू आणि ग्रेस या, भांडायचं ते समोरासमोर भांडू.

आणि लायल, माझ्या घराबद्दल काही लिहावंसं वाटलं, तर ते मला लिही.

तुझी,
ताई