परत गेलेली चेरीची फ्लाय

जून २०२१, शनिवार संध्याकाळ. आइंडहोवन.

तोंड लपवावंसं वाटतंय. वर्षभर मागे लागून आज आमच्या निसर्गसंस्थेची माणसं आणि लिम्बुर्ग भागातले शेतकरी एका गोठ्यात समोरासमोर बसवले. चुनखडीच्या टेकडीवरचं गवत ऑर्किड फुलून गेल्यावरच कापायचं, मग मेंढ्या सोडायच्या, एवढंच ठरवायचं होतं. खुर्च्या मीच दीड मीटरवर मांडल्या होत्या.

तेवढ्यात ज्याचा गोठा होता त्या शेतकऱ्याची बायको मारिया चेरीची फ्लाय, म्हणजे इकडचा फळं भरलेला गोड केक, घेऊन आली. सकाळीच भाजलेली, तुकडे कापून. मी पटकन म्हणाले, "कोरोना आहे, खाणं नको." ती ताट घेऊन परत गेली. तिचा नवरा उठला. "आमच्या घरचं चालत नाही, आमची टेकडी मात्र हवी!" त्याच्यामागे बाकीचे शेतकरीही गेले.

घोटभर चहा घेतल्याशिवाय माझी आई कुणाला उठू देत नाही. आणि पुढ्यात आलेलं ताट परत पाठवणं म्हणजे काय, हे मला कळू नये?

गाडीपाशी आले तर बॉनेटवर फॉइलमध्ये गुंडाळलेला एक तुकडा. मारियाच गोठ्याच्या दारात उभी होती. जाऊन माफी मागायची होती. मी नुसता हात हलवला. वळणापलीकडे गाडी थांबवली, काचा वर केल्या आणि ती फ्लाय एकटीने खाल्ली. सगळी.