भट्टीचं पाणी आणि माझा खोकला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा लोहारकाम (सरकारी कागदावर गृहिणी), साऱ्या गल्लीत भट्टीवाली आजी म्हणून ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून, कोणीही माझा हात धरलेला नसताना हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांच्याविषयी मी तसा दाखला देईन असं नाही. कारण पुढे येईल.

याआधी वकिलांकडून एक मृत्युपत्र करून घेतलं होतं, ते रद्द समजावं. तापलेलं हत्यार नेमक्या घडीला बुडवून त्याची धार टिकाऊ करतात, त्याला आमच्या धंद्यात पाणी देणं म्हणतात. मी वकिलांना सांगितलं, "ज्याला भट्टीचं पाणी कळतं त्यालाच भट्टी." त्यांनी लिहिलं, "नळजोडणी व पाणीवापराचा हक्क." थोरल्याने दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावून मीटर वेगळं करून घेतलं. म्हणून आता स्वतःच्या हाताने लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्याने बघून घ्यावं.

कलम १. घर तिन्ही मुलांना सारखं. वरच्या खोलीचं छप्पर गळतं, तेही सारखंच वाटून घ्यावं. बँकेत आहे त्यात मला पोहोचवावं आणि उरलं तर भट्टीच्या भात्याचं चामडं बदलावं.

कलम २. तांब्या-पितळेची सगळी भांडी आणि माळ्यावरचे तुटके नळ लेकीला. ती ओतकाम करून पुतळे घडवते. सुतारांच्या संघटनेने दारात बसवलेला तिच्या वडिलांचा पुतळा तिचाच. त्यात हे आगीकडे असे टक लावून उभे आहेत की येणारा-जाणारा म्हणतो, काय नजर होती. लेकी, काम छान आहे, कानाची पाळी तर हुबेहूब. पण नजर चुकली. हे आगीकडे बघत नसत, कान देऊन उभे असत. का, ते कलम ४ मध्ये. माझा पुतळा करू नये. उभ्याने कबुतरांची घाण अंगावर घ्यायची मला हौस नाही.

कलम ३. फडताळामागे फडक्यात गुंडाळलेली एक संगीन आहे. युद्धाची दोन वर्षं आमच्या भट्टीत सुतारांची हत्यारं बंद आणि फक्त संगिनी चालू होत्या. फौजेचा साहेब ह्यांना म्हणाला, "उस्ताद, तुमच्या हातात जादू आहे." हे म्हणाले, "हातात नाही, साहेब." साहेबाला तो विनय वाटला. त्या संगिनी पुढे कुठे गेल्या आणि कोणाच्या पोटात, ते मी विचारलं नाही, कारण पाणी त्यांना मीच दिलं होतं. ही एक परत आली होती, वाकलेली नव्हती. हिची संडासाच्या दाराला कडी करावी. वीस वर्षं मी ते दार आतून पायाने दाबून बसते आहे. एवढ्या चांगल्या पोलादाने माणसाच्या उपयोगी पडावं.

कलम ४. आता खरं.

आमच्या ह्यांना रंग कळत नव्हता. तांबूस आणि हिरवा त्यांना एकच दिसे. ज्याला रंग दिसत नाही त्याने लोहारकाम करावं म्हणजे कमालच. हत्यार दुसऱ्यांदा तापवताना त्याच्या पाठीवरून रंग सरकत येतो: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. लाकूड तासायच्या पटाशीला पिवळ्यावर बुडवायचं, स्प्रिंगला निळ्यावर. दोन श्वास उशीर झाला की हत्यार वाया. लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ह्यांनी मला सांगितलं, "मला दिसत नाही. कोणाला बोलू नकोस." इतकं खरं बोलणारा नवरा गल्लीत दुसरा नव्हता, म्हणून टिकले.

पण गिऱ्हाइकासमोर बायकोने "आता" म्हणायचं आणि उस्तादाने बुडवायचं, हे शोभलं नसतं. म्हणून मी खोकायचे. खोकला आला की हत्यार पाण्यात. चाळीस वर्षं. मला आयुष्यात कधी खोकला झालेला नाही.

डॉक्टर विचारायचे, "आजी, फुफ्फुसं तर स्वच्छ आहेत, खोकला येतो कुठून?" मी म्हणायचे, "भट्टीतून." ते मान हलवून गोड औषधाची बाटली द्यायचे. ती मी हत्यारं बुडवायच्या हौदात ओतायचे.

कलम ५. धाकटा मुलगा धातूंचा शास्त्रज्ञ आहे, त्याला माझ्या चष्म्याशिवाय काही नको. सूक्ष्मदर्शकाखाली त्याने मला पोलादाचा तुकडा दाखवला होता. मी म्हटलं, "हे तर आटलेल्या तळ्याच्या भेगा." तो म्हणाला, "आई, ह्या भेगा समजायला आम्हाला शंभर वर्षं लागली." समजायला लागोत, आम्ही तोवर थांबलो नाही. पुढे त्याने हौदातलं पाणी बाटलीत भरून नेलं आणि मोठा निबंध लिहिला की वडील पाण्यात साखर असलेलं एक गुप्त वनस्पतिजन्य द्रव्य मिसळत. त्यावर त्याला मानपत्र मिळालं. बाळा, ते खोकल्याचं औषध होतं. मानपत्र ठेव. निबंध दुरुस्त कर.

कलम ६. भट्टी, ऐरण, भाता, घण, सांडशा आणि पाणी.

हे गेल्यावर भट्टीवर थोरला बसला. त्याला रंग दिसतो, पण तो बघतो फोनकडे. म्हणून माझा खोकला चालूच राहिला. भट्टी टाइल्सच्या दुकानाला द्यायची असं त्याने ठरवलं आहे, मला माहीत नाही असं त्याला वाटतं. गेल्या थंडीत माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा कधीच गेलेला, उरलेल्यावर पट्टी. पडल्या पडल्या मी म्हटलं, संपली भट्टी. तर ऐरणीचा आवाज थांबला, आणि नेमक्या घडीला स्वयंपाकघरातून खोकला ऐकू आला. मग पाण्याचा चर्र. दहा दिवस असंच. हत्यार एकही परत आलं नाही. थोरल्याला वाटलं मीच खोकते आहे. डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाईला रंग कसा दिसेल, एवढा विचार त्याने केला नाही.

थोरल्या सुनेशी माझं तीस वर्षं पटलेलं नाही. ती भांडी आपटते, मी ती आपटते असं सांगत फिरते. त्या दिवशी तिला जवळ बोलावलं.

"काय गं, खोकला झालाय?"

"हो. घरात साथच आहे."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ऐकतेय. बहुतेक वेळा बरोबर असायचा."

"बहुतेक?"

"सुतारकाकांची रुंद पटाशी, आई. जांभळी झाली होती. तुम्ही माझ्याशी भांडत होतात."

ती पटाशी धार दुमडून परत आली होती. गाठीच्या लाकडावर मारली असेल, असं म्हणून मी सुताराशी नऊ वर्षं बोलले नाही. चूक माझी होती. हे मी फक्त लेखी कबूल करते, तोंडी विचारायला येऊ नये.

तेव्हा भट्टी थोरल्या सुनेला, एकटीला, विकण्याच्या हक्कासकट. विकणार नाही हे मला ठाऊक आहे. दारावरची पाटी तिच्या नावाची करावी. थोरल्याने घण मारावा, हात वडिलांचा आहे, आणि बायको म्हणेल तेव्हा बुडवावं. एकच अट: ह्यापुढे भट्टीवर कोणी खोकायचं नाही. तिने तोंड उघडून, चारचौघांत, "आता" म्हणायचं.

भट्टी जिला मिळते तिला साक्षीदार होता येत नाही असं वकील म्हणतात, म्हणून ती दारात उभी आहे. आत्ताच खोकली. सवय जायला वेळ लागेल. पण घडी बरोबर धरली, मी नको तेवढं लिहायला लागले होते.

सही: भट्टीवाली
ठिकाण: भट्टीसमोरची खोली
दिनांक: १४ मार्च २०११, सोमवार

साक्षीदार १: डॉक्टर. (वाचून सही केली. औषध आजपासून बंद.)

साक्षीदार २: सुतार. (पटाशीचं कलम दोनदा वाचून सही केली. पटाशी सोबत आणली आहे. सूनबाईंनी पाणी द्यावं.)