राहीबाईला सोबतीला नेलं

सोमवार, ३ मार्च
गालाच्या आतला पांढरा डाग अजून आहे. ठेचा लागला की झोंबतो. आरोग्य खात्याची आशाताई म्हणून तोंडाच्या कॅन्सरची चित्रं गावभर मीच दाखवत फिरते! भीती वाटायला हवी. काहीच वाटत नाही. सकाळी मशेरी लावलीच. लावल्याशिवाय पोट हलत नाही.

शनिवार, ८ मार्च
महिला दिन. सरपंच आप्पासाहेब माईकवर — "आपल्या गावात एकाबी बाईला व्यसन न्हाई!" टाळ्या. आकडा माझ्याच सर्व्हेतला.

समोर बसलेल्या निम्म्या बायका सकाळी तव्यावर भाजलेला तंबाखू दातांना चोळून आलेल्या. मीही. दारात उभी राहून विचारायचे, काही व्यसन? "अगं बया, आमी काय पुरुष हाय का!" की मी 'नाही'वर खूण करायची. मशेरीला कोण व्यसन म्हणतं? कुणाला तोंड उघडायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझंही उघडावं लागलं असतं.

बुधवार, १२ मार्च
यांना डाग दाखवला. हे तंबाखू मळत होते. "उष्णता असंल." मग जरा वेळाने — "दवाखान्यात एकटी जाऊ नको. सृष्टीला स्थळं बघतोय. लोक म्हनतील, आशाताईलाच..." मळलेली चिमूट ओठात सरकवली.

पुरुषाची पिचकारी चव्हाट्यावर, बाईची चूळ मोरीत! मला मशेरी सासूबाईंनी दिली. सृष्टी पोटात असताना दाढ ठणकायची, तेव्हा. प्रेमानेच दिली. त्यांच्यावर रागही येत नाही.

रविवार, १६ मार्च
युक्ती सुचली. पेशंट घेऊन गेलं की आशाताईला कोण विचारतंय? शेजारच्या राहीबाईला म्हटलं, चला, श्रीरामपूरला तुमचे दात दाखवून आणते. खोटंच! तिचे दात काळे, पण दगडासारखे. ती हसली. "माज्या दाताला काय धाड भरलीय? तुमाला सोबत पायजे म्हना की!" उसाचा रस कबूल केला तेव्हा तयार झाली.

मंगळवार, १८ मार्च
एसटीने गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डागाचा तुकडा तपासायला काढला. राहीबाई बाकावर पाय हलवत बसलेली. "आल्याच आहात तर तुमचंही बघते," म्हणाल्या. राहीबाईचं तोंड पुरतं उघडेना. शेवटच्या दाढेमागे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग तिचाही तुकडा घेतला.

बाहेर आल्यावर ती माझ्यावर उखडली. "तुमच्यापायी माझा गाल फाडला! आता रस कसा प्यायचा?" प्यायली तरी. दोन ग्लास.

शुक्रवार, २१ मार्च
मशेरी लावली नाही. डोकं दुखतंय. बाकी काही नाही.

बुधवार, २६ मार्च
रिपोर्ट आणायला एकटीच गेले. माझ्यात काही नाही. मशेरी सोडा, डागावर लक्ष ठेवू, म्हणाल्या. राहीबाईला कॅन्सर आहे. "आधी कुणी तोंड तपासलं नव्हतं का यांचं?" तीन वर्षं तिच्या सर्व्हेच्या फॉर्मवर मी 'नाही'वर खूण केलीय.

गावात उतरले तर राहीबाई स्टँडवरच उभी. माझा हात धरला. "काय निघालं वो ताई तुमचं? मी खंडोबाला नारळ बोललेय तुमच्यासाठी."