तसाच फोटो पाठव

५ ऑक्टोबर, मंगळवार

टिकटिक,

आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर पाकिटातच राहू दे. मी बरी आहे. गुडघा सोडला तर सगळं जागच्या जागी आहे. हॉटेलच्या लाँड्रीत त्याच वाफेच्या प्रेससमोर उभी असते, दिवसाला दोनशे चादरी. नवा मुकादम आलाय, तो म्हणतो, "ताई, जरा हसतमुखानं काम करा." चादरींकडे बघून हसायचं म्हणे.

तुझा पत्ता तू बाबांना फोटो पाठवलास त्या पाकिटावरून उतरवून घेतला. फोन नंबर तू बदललास, तो मी मागत नाही. कामाचं लिहिते.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले. मोतीबिंदू. दोन्हीकडे होता, घड्याळाचे स्क्रू बोटांनी चाचपून बसवायची पाळी आली होती. डाव्याची तारीख एकवीस आहे, गुरुवार. आणि ते म्हणतात डावा करायचा नाही. उजवा वाया गेला, डाव्यात जे धुरकट दिसतंय तेवढं तरी राहू द्या. डॉक्टरीणबाई म्हणतात डोळा झकास आहे, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचलीत की. हे म्हणतात, तक्ता पाठ झालाय. मी म्हटलं, अहो, माझं तोंड तर दिसतंय ना? तर म्हणाले, "तुझं तोंड तीस वर्षं पाठ आहे, ते दिसलं काय अन् न दिसलं काय."

तुझ्या आजीचं आठवतं ना. तिला शेवटी कडा दिसायच्या, मधला माणूस दिसायचा नाही. दार दिसायचं, दारातलं कोण ते नाही. यांच्या डोक्यात तेच बसलंय, की आईचं दुखणं माझ्यात उतरलं. दुकान किल्लीवाल्याला द्यायचं ठरवलंय. तो बुधवारी, वीस तारखेला, माप घ्यायला येणार. चिमटे, भिंग, बारके हातोडे सगळं कागदात बांधून ठेवलंय. दिवसभर खुर्चीत बसतात. जेवायला वाढलं की जेवतात. डावा डोळा केला नाही तर तोही वर्षभरात जाईल असं डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या.

तर तू एक कर. तू पाठवलेला फोटो, तो दारात उभी आहेस तो, मोहरीच्या रंगाचा स्वेटर, खांद्यावर उजेडाचा लाल पट्टा आलाय तो. तसाच पुन्हा काढ. तोच स्वेटर, तेच दार, तसेच दात काढून हस. त्याच निळ्या कॅमेऱ्यानं. कुणी काढला होता ते मी विचारत नाही, त्याच माणसाकडून काढून घे. जुन्याचा रंग उडालाय. उन्हात राहिला असेल. यांना त्यात तुझं तोंड दिसेना, म्हणून डोळा गेला म्हणतात. लगेच पाठव. पाकिटावर माझं नाव घाल, बाबांचं घालू नकोस.

त्यांना त्या फोटोचं किती अप्रूप होतं तुला ठाऊक नाही. दुकान उघडायच्या आधी रोज हातात घ्यायचे. जागीच फोटो बाहेर टाकणारा तो कॅमेरा तू पहिल्यांदा घरी आणलास तेव्हा लहान पोरासारखे नाचले होते, आठवतं? सगळा खोलून टेबलावर मांडला आणि ओरडले, "अगं, यात काही नाहीच! एक स्प्रिंग आणि प्लॅस्टिकची चकती! तरी फोटो काढतोय लेकाचा!" मग तू त्यांचा फोटो काढलास आणि तो कोरा कागद बगलेत धरून बसलीस, ऊब लागते म्हणून. पांढऱ्यातून हळूहळू त्यांचं नाक वर आलं. ते म्हणाले, पाण्याखालून माणूस वर येतंय. मी म्हटलं, रंग खोटे आलेत, माणूस हिरवा दिसतोय. तू म्हणालीस, "खोटे नाहीत आई, त्याला तसंच दिसतं."

लवकर पाठव. बाकी ठीक.

आई

१६ ऑक्टोबर, शनिवार

टिकटिक,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. आज शनिवार. एवढ्यावरून तू समजलीच असशील.

तू लिहिलंस, तसाच फोटो पुन्हा निघत नाही, त्याला निगेटिव्ह नसते, एक निघतो तोच. स्वेटर कुणाला तरी देऊन टाकलास. केस कापलेस. बरे दिसत नाहीत, पण ते असो. आणि लिहिलंस की हा नवा फोटो बाबांनी कधी पाहिलेला नाही, तेव्हा यात काय आहे ते त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं की डोळ्याचा निकाल लागला. पाठ असण्याचा प्रश्नच नाही. मोठी हुशार. कुणाची पोर.

आणि खाली एक ओळ. जुन्याचं काय झालं ते खरं सांग.

सांगते. खाली बसून वाच.

ऑपरेशनच्या रात्री त्यांना इस्पितळात ठेवलं होतं. मी घरी आले. फोटो उशीजवळ होता. रोज हातात घेऊन घेऊन त्याच्या कडा वर वळल्या होत्या, बशीसारखा झाला होता. मला वाकडं बघवत नाही, तुला माहीत आहे. बावीस वर्षं या हातांनी सुरकुती म्हणून ठेवली नाही. वाटलं, घरी येतील तेव्हा सरळ करून ठेवू, बरं वाटेल. वर रुमाल टाकला, इस्त्री अगदी कमी ठेवली, रेशमाला ठेवतात त्याहून कमी, आणि एकदाच फिरवली. एकदाच गं.

रुमाल उचलला तर आतून फुगा आलेला. दुधावर साय धरते तशी तुझ्या तोंडावर धरली. दाराची चौकट राहिली, स्वेटरची एक बाही राहिली, मध्ये पांढरं.

मला वाटलं, तुमची ती फिल्म पांढऱ्यातून वर येते, तर परत येईल. बगलेत धरून बसले. तू बसायचीस तशी. पहाटेपर्यंत बसले. येत नाही. ते एकदाच येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले, खिडकीशी बसले आणि पहिलं म्हणाले, फोटो दे. मी दिला. पाण्याचा ग्लास द्यावा तसा दिला. त्यांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला, उजव्यानं पाहिलं. जवळ धरला, लांब धरला. म्हणाले, "हिचं तोंड कुठाय? दार दिसतंय. मध्ये काही नाही."

आणि मी म्हटलं, "काय म्हणताय काहीतरी, ही काय उभी दात काढून."

म्हणाले, "दात दिसतायत तुला?"

म्हटलं, "अहो, सगळं दिसतंय."

एवढंच. मग त्यांनी फोटो मांडीवर पालथा ठेवला आणि मला म्हणाले, आईसारखं झालं. मी तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, चहा टाकू?

तेव्हापासून रोज ठरवते. सकाळी ठरवते लाँड्रीतून आल्यावर सांगीन, आल्यावर ठरवते सकाळी. तू म्हणशील, बाबा तर गरीब माणूस, रागावायचेही नाहीत. तेच तर. ते रागावत नाहीत. बोलणं बंद करतात. तू गेलीस तेव्हा दोन महिने माझ्याशी बोलले नव्हते. सगळ्या गल्लीशी बोलायचे, घड्याळांशी बोलायचे. माझ्यासमोर ताटात बघायचे.

आणि तू गेलीस तेही बरोबरच होतं. तू कचेरीतली चाकरी सोडून बागेत लोकांचे फोटो काढत बसायचीस, त्यात मी चिडले, आणि काय भरलंय यात बघू तरी म्हणून त्या डबड्याचं मागचं झाकण उघडलं. उजेड शिरला, आतली सगळी फिल्म वाया गेली. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू झाकण लावलंस, पिशवी भरलीस. ते झाकण मी मुद्दाम उघडलं होतं, टिकटिक. त्यानं काय होतं हे मला माहीत होतं. तू आदल्याच आठवड्यात सांगितलं होतंस. इस्त्रीचं मात्र माहीत नव्हतं. दोन्हींत फरक आहे की नाही तू ठरव.

तुझा नवा फोटो चार दिवस माझ्या कामाच्या ॲप्रनच्या खिशात आहे. हात घातला की लागतो. तो दिला की त्यांचे डोळे परत मिळतात, हे मला कळतंय. एवढी बिनडोक नाही. पण तो पाहिला की ते जुना मागतील, दोन्ही शेजारी ठेवतील, आणि त्यांना कळेल की तीन आठवडे बायको रोज वाढत होती, औषधाचे थेंब घालत होती, आणि रोज त्यांना आंधळं करत होती.

आज शनिवार. गुरुवारी तारीख. तू इथे असतीस तर मी तुझ्या हातात देऊन बाहेर पळाले असते. तू नाहीस.

नवा मुकादम काल म्हणाला, ताई, चादर जळतेय. खरंच जळत होती.

आई

२१ ऑक्टोबर, गुरुवार

टिकटिक,

इस्पितळातल्या बाकावरून लिहिते. कागद शेजारच्या बाईच्या वहीतला आहे, तिचा नवरा आत आहे. तुझे बाबाही आत आहेत.

काल मी दुकानात गेले. कामावरून निघाले आणि घरी न जाता सरळ तिथे. किल्लीवाला टेप घेऊन भिंत मोजत होता आणि बाबांना म्हणत होता, "काका, इथे माझं मशीन बसतं की नाही बघा की!" हे म्हणाले, "मला काय दिसतंय, तूच बघ." तो बिचारा ओशाळला. मी त्याला म्हटलं, पाच मिनिटं बाहेर जा. तो म्हणाला, एवढी भिंत मोजतो. मी म्हटलं, भिंत पळून जाते का? गेला.

मी फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, हा तुम्ही बघितलेला नाही. काय दिसतं सांगा.

डाव्या डोळ्यावर हात ठेवला. मी घड्याळांकडे बघत राहिले. दुरुस्तीला आलेली तेवढी भिंतीवर उरलीत, प्रत्येकात वेगळी वेळ. मग ते म्हणाले, "केस कापले हिनं." मग म्हणाले, "मागे जिना आहे. जिन्यावर बादली आहे." मग फोटो नाकाशी नेला आणि म्हणाले, "डाव्या भुवईत खूण आहे. टाके घातलेत. ही कधी पडली?"

पोरी, तो फोटो आठ दिवस माझ्याजवळ होता. दिवसातून दहा वेळा काढून बघत होते. खूण मला दिसली नव्हती. कधी पडलीस गं? कुणी नेलं दवाखान्यात?

त्यांनी भिंगाचं पुडकं सोडलं, भिंग लावलं, पुन्हा पाहिलं. हसले. खरंच हसले, म्हणाले, "अगं, दिसतंय मला. बादलीची कडी दिसतेय!" मला खांद्याला धरून हलवलं. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी पुढचं काही न बोलता घरी जाऊ शकले असते. आनंदात होते, विसरले असते दिवसभर.

मग त्यांनी विचारलं, "मग तो?"

मी पिशवीतून जुना काढून शेजारी ठेवला. मी नेलाच होता. त्यांनी भिंगातून बघितला. घड्याळ कशानं बंद पडलं ते बघतात तसा उलटा केला, कडेनं बघितला, फुग्यावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, इस्त्री. एवढाच शब्द आला.

"कधी?"

"तुम्ही इस्पितळात होता त्या रात्री."

त्यांनी बोटांवर मोजलं. सव्वीस दिवस. मोठ्यानं म्हणाले नाहीत, ओठ हलले. भिंग काढून ठेवलं. किल्लीवाल्याला आत बोलावलं आणि म्हणाले, "माफ कर बाबा, दुकान देत नाही." तो माझ्याकडे बघायला लागला.

हे घरी आले, जेवले. आज सकाळी मी उठायच्या आत तयार होऊन एकटेच निघाले. मी बस पकडून मागे आले. नर्सनं विचारलं, सोबत कोण आहे? ते म्हणाले, कुणी नाही. मी चार पावलांवर उभी होते. नर्स मला ओळखते, मागच्या वेळी मीच होते. तिनं कागदावर तसंच लिहिलं. चांगली मुलगी आहे.

आत नेताना मात्र वळले. कालपासूनचं पहिलं बोलणं. मला वाटलं शिव्या देतील, मी तयार होते. हळूच म्हणाले, "उद्या पट्टी काढतील तेव्हा समोर उभी राहू नकोस."

आता आतून निरोप आलाय, ऑपरेशन नीट झालं.

डोळे मिळाले, दुकान राहिलं. मला जे हवं होतं ते सगळं झालं. इथे बसून मी ते परत परत म्हणून बघतेय.

तू ये. माझ्यासाठी नको, मी सांगून तू कधी काय केलंस. पट्टी उद्या निघेल, हे पत्र तुला परवा मिळेल, तेव्हा पहिलं कोण दिसलं ते तुझ्यानं बदलणार नाही. पण त्यानंतरचे सगळे दिवस आहेत. त्यांना आता लांबचं, जवळचं सगळं लख्ख दिसणार आणि बघायला घरात मी एकटी. खुणेवर बोट ठेवून विचारणार आहेत तुला, कशी पडलीस. सांगशील ना त्यांना? मला नाही सांगितलंस तरी चालेल. मी स्वयंपाकघरातून ऐकेन.

उद्या नऊ वाजता मी दाराबाहेर असेन.

आई