तांदळात लिहिलेलं नाव

आई, काल तुमच्या सुनेनं सिव्हिल लाइन्सच्या सभागृहात डॉक्टर आणि प्राध्यापकांसमोर माईक हातात घेऊन भाषण केलं. तोतऱ्या सुनेनं, हो. विषयही तोतरेपणाच होता, त्यामुळे नमुना जागेवरच हजर होता. असं मीच म्हटलं तेव्हा लोक हसले, शेवटी टाळ्याही भरपूर वाजवल्या, आणि खरं सांगते, मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरी आल्यावर आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुमच्या मुलाला काय सांगायचं, तो तर तिथेच बसून रुमाल ओला करून राहिला होता.

राइट टाउनच्या घरात मी नवरी होऊन आले तो दिवस मला अजून तसाच दिसतो. लक्ष्मीपूजन झालंय, ताटात तांदूळ पसरलेत, तुमचा मुलगा सोन्याची अंगठी घेऊन वाकलाय, माझं सासरचं नाव लिहायला. ते नाव तुम्ही निवडलेलं. माझ्या नावाचं पहिलंच अक्षर माझ्या घशात अडतं हे तुम्ही मला बघायला आलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं, म्हणून तुम्ही मुद्दाम जिभेला हलकं असं नाव शोधलं होतं. माझ्या मम्मीला तर आनंदच झाला होता, पोरीची कटकट मिटली म्हणून. मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नको. आत्याबाई, म्हणजे मामंजींच्या बहीण, लगेच म्हणाल्या की काहून नको, तुझ्याच सोयीचं आहे ना. मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं आणि अडकले. जबडा घट्ट, डोळे मिटलेले, आवाज बंद. आत्याबाईंनी अर्धं नाव पुरवलं, उरलेलं मागून कोणीतरी. लहानपणापासून हेच, माझं वाक्य दुसऱ्याच्याच तोंडून संपायचं. तेव्हा तुम्ही हात वर केलात.

"थांबा सगळे. नाव तिचं आहे, तिलाच सांगू द्या."

मग कोणी बोलेना. भटजीही थांबले. किती वेळ गेला कोण जाणे, पेढ्यांवर माश्या बसायला लागल्या होत्या. नाव आलं, पूर्ण आलं. तुम्ही मुलाला म्हणालात, लिही रे, आणि त्यानं तेच लिहिलं.

म्हणून तुम्ही अगदी देवमाणूस होतात असं काही मी कुणाला सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही मला चांगलं फैलावर घेतलंत. नको होतं तर आधी तोंड उघडायचं होतंस, चारचौघांत माझं नाक कापलंस, काय काय. तुम्ही शाळेत गणिताच्या बाई, रागावलात की हातातलं लाटणंसुद्धा फुटपट्टीसारखं चालायचं. मी अडखळत म्हटलं, मला आधी विचारलंच कुणी नाही. तुम्ही हातातली पोळी लाटली, भाजली, मग म्हणालात, "बरोबर आहे. मीच नाही विचारलं." आणि त्या पोळीवर तूप घालून ताटली माझ्याकडे सरकवलीत. राग मात्र संध्याकाळपर्यंत होता.

बोलण्याच्या अडचणींवर उपचार करायला शिकवणारा कोर्स असतो, हे तुम्हीच एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून काढून आणलंत. लग्न झालेली सून हॉस्टेलला राहणार म्हटल्यावर आत्याबाईंनी नागपूरहून फोन करकरून डोकं खाल्लं, जिला स्वतःला बोलता येत नाही ती दुसऱ्यांना काय शिकवणार म्हणून. तुम्ही नुसतं, अच्छा, शिकून आली की बघू, म्हणून फोन ठेवून द्यायचात. स्टेशनवर गाडी सुटताना तुम्ही पिशवीतून एक छोटा टेपरेकॉर्डर काढून मला दिलात. रेडिओवरची गाणी भरून घ्यायचा तुमचा होता तो, कुणाला हात लावू द्यायचा नाहीत.

पुढे त्यावरच माझं पहिलं काम झालं. महाराजपूरकडच्या, कुणीतरी अडखळत बोलतं अशा घरांत जाऊन मी जेवतानाच्या गप्पा टिपल्या, अर्धं वाक्य मराठीत, अर्धं हिंदीत, आपल्याकडे हिंदी मुलखातल्या मराठी घरांत चालतं तसं. या विषयातले बाकीचे अभ्यासक अडखळणाऱ्याकडे बघत होते, मी ऐकणाऱ्यांकडे बघितलं. कोण मध्येच शब्द पुरवतं, कोण नजर वळवतं, कोण थांबतं. जिथे घरचे थांबायला शिकले तिथे अडखळणं गेलंच असं नाही. पण माणसं जास्त बोलायला लागली, दुकानात स्वतः जाऊ लागली, घरात भांडू लागली. भांडायला लागली की मी समजते, चला, गाडी रुळावर आली. परवा क्लिनिकमध्ये एक बाप म्हणाला, मॅडम, इसको बोलने में टाइम बहुत लगता है. मी म्हटलं, क्यों भैया, आपकी ट्रेन छूट रही है क्या? त्याची पोरगी इतकी खळखळून हसली की त्यालाही हसावं लागलं.

काल भाषण झाल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं, असं थांबायला तुम्ही कुणाकडून शिकलात? मी उत्तर द्यायला गेले आणि अडकले. सासूबाई म्हणाले असते तर लगेच सुटले असते. अडणारा शब्द बदलायचा, ही पळवाट आम्हा सगळ्यांना पाठ असते. काल नाही बदलला. जबडा धरला, डोळे मिटले, अख्खं सभागृह बघून राहिलं, आणि एकानंही शब्द पुरवला नाही. शेवटी आला. मी म्हटलं, "आईंकडून."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी टाकलं नसतं. पण एक सांगायचं राहिलंय. इतकी वर्षं एका घरात राहिलो, मी तुम्हाला त्या शब्दानं कधी हाक मारली नाही. समोर येऊन उभी राहायची, नाहीतर भांडं वाजवायची. ही तुम्हाला आपलं मानत नाही, असं आत्याबाईंनी तुमच्या कानावर घातलेलं मी ऐकलं होतं, आणि तुम्ही त्यावर काहीच बोलला नव्हतात. तसं नव्हतं हो. माझ्या नावापेक्षाही मला तो शब्द जड जायचा. काल पहिल्यांदा निघाला, तोही माईकवर.