अक्काच्या पापण्या

कुंभकोणम्, २ जुलै १९५४
आयुष्यभर कॉलेजात लॉजिक शिकवले, जोडीला सायकॉलॉजीचा तास. निवृत्तीनंतर आता निद्रासंशोधन. अमेरिकेतल्या एका जर्नलात वाचले की, झोपलेल्या माणसाची बुबुळे पापण्यांखाली हलतात. तेथे यंत्रे लावतात. ज्याची दृष्टी शाबूत आहे त्यास यंत्र अनावश्यक. माझी शाबूत आहे. सबब अनावश्यक.

५ जुलै
जेवणानंतर पत्नीच्या पापण्या न्याहाळल्या. मंगलाने डोळे उघडून विचारले, माझे काय चुकले? घरातून सहकार्य नाही. मद्रासच्या परिषदेला निबंध पाठवण्याचा निश्चय कायम.

११ जुलै, एकादशी
विठ्ठल मठात दुपारी भजन. थोरली बहीण गंगाबाई, आमची अक्का, शेजारी खांबाला टेकलेली. एकादशीस दिवसा डोळा लागू द्यायचा नाही, हा तिचा वैधव्यापासूनचा नेम. तरी डोळे मिटले, बुबुळे हलली. स्वच्छ पाहिले. घरी येताच सांगितले. सत्यकथन हे निरीक्षकाचे कर्तव्य.

१२ जुलै
अक्काने पारणे सोडले नाही. नेम मोडला म्हणून आणखी तीन दिवस केवळ पाणी. वय सत्तर. मी प्रतिपादन केले की, नेम हेतुपूर्वक निद्रेविरुद्ध आहे, हेतू नव्हता, तस्मात् भंग नाही. अक्का म्हणाली, सेतू, तू पाहिलेस ना? मग झाले. मंगला म्हणाली, म्हातारीला उपाशी ठेवून कोणती पदवी मिळते तुम्हांला? उत्तर तयार होते.

सायंकाळ
अक्का भिंत धरून चालते. मला जेवण गेले नाही. सांबार निवले होते, त्यामुळे असावे.

१३ जुलै
जन्मात प्रथमच जाणूनबुजून असत्य बोलण्याचा निश्चय केला. अक्कास सांगितले की मठात मीच झोपलो होतो, पाहिले ते स्वप्नात. निद्रिस्ताची साक्ष अग्राह्य.

अक्काने लगेच पेज मागितली. दोन घोट घेऊन म्हणाली, मलाही तसेच वाटले होते रे. भजन संपेपर्यंत घोरत होतास, तुझ्या तोंडावरच्या माश्या मीच पदराने हाकलत होते. पण एवढा शिकलेला तू, पाहिले म्हणतोस, तर मधे कधी जागा झाला असशील, अन् तेवढ्यात माझाच डोळा लागला असेल, असे धरले. मंगला हसू दाबत आत गेली.

निबंध पाठवणार नाही. असत्य बोलण्याचा निश्चयही तडीस गेला नाही.