सासूबाईंची खाट

सोमवार
आधी गाऱ्हाणं ऐका, खुशाली मागाहून. लिफ्टच्या या नव्या घरात मुलानं मला न विचारता माझी खोली मांडून टाकली. तीही जुन्या घरातल्यासारखी हुबेहूब. निळ्या भिंती, शिलाई मशीन, खिडकीखाली लोखंडी खाट. डॉक्टर म्हणे बोलला, जागा ओळखीची असली की विसरलेलं परत येतं. झालं गाऱ्हाणं. खोली झकास आहे. मशीनवर बसले नि कधीपासून अडलेलं शेजारणीचं नाव पटकन तोंडात आलं. नातीनं वही दिली, आजी रोज लिही म्हणाली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षराला हसू नये.

बुधवार
खोट सापडली. मी परवा सोडून आले ती खोली अशी नव्हतीच. निळा रंग, ही खाट, हे सगळं मुलगा चार वर्षांचा होता तेव्हाचं. त्याच्या डोक्यात लहानपणचीच खोली, शहाण्यानं तीच मांडली. खाटेवर तेव्हा सासूबाई असायच्या, अंथरुणाला खिळलेल्या. पाणी हवं की पेला गजावर आपटायच्या. आज त्यांचा खोकलासुद्धा आठवला. जाऊन जमाना झाला त्यांना. इतकं आठवायचं काही अडलं नव्हतं.

शुक्रवार
नात चहा घेऊन आली. मी कप घेतला आणि विचारलं, तू कोणाची गं? पोरीचं तोंड एवढंसं झालं. हॉलमध्ये आले तर सगळं लख्ख. हिला तर मी न्हाऊमाखू घातलं. खोलीत शिरलं की डोक्यातून पुसली जाते. मुलाला म्हटलं, खाट काढ, भिंतीला दुसरा रंग दे. तर म्हणतो, आई, उलट बघ ना, किती आठवायला लागलंय तुला. सुनेनंही मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवार
हॉलमध्ये बसून लिहितेय. आत पेला वाजतो. यांना कोणालाच ऐकू येत नाही. मी खाली सतरंजीवर निजते, तरी सकाळी खाटेवरची चादर चुरगळलेली. हात लावला, गरम. इथंच हॉलमध्ये पडते म्हटलं, तर मुलगा दंडाला धरून आत नेतो. डॉक्टरनं सांगितलंय ना. मग त्यालाच निजवा म्हणावं तिथं.

मंगळवार
नातीचं नाव पेनानं तळहातावर लिहून आत गेले. वाचलं. कोणाचं, कळेना. धुऊन टाकलं. आता बाहेर आले तर — का धुतलं मी —

वार कळत नाही
पेला वाजतोय. आले म्हटलं, आले. पाणी गार लागलं की ओरडतात त्या. यांची यायची वेळ झाली, पोरगं अजून निजलेलं —
दारात कोणाची तरी मोठी पोर उभी आहे. रडतेय. मला आजी म्हणते. मी कुठली आजी, माझं पोर चार वर्षांचं.
पोरीनं परत हाक मारली. दोघींना मी एकटी कुठून पुरणार, सासूबाई उठून बसल्यात. जिची कोणाची नात असेल तिनं तिला ओ द्यावी, मी —